जावयाचं आडनाव वॉकर: अर्थ, उगम आणि त्या ढालीचा व्यवहार

नाशिकच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. मुलीचं लग्न इंग्लंडमध्ये ठरलंय. मुलगा उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डजवळचा, आडनाव वॉकर. घरात थट्टा चालू आहे, ‘चालणाऱ्यांच्या घरात मुलगी दिली’ म्हणून. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: या आडनावाचा खरा अर्थ काय, सगळे वॉकर एकाच मूळ पुरुषाचे वंशज असतात का, आणि इंटरनेटवर ‘वॉकर घराण्याची ढाल’, म्हणजे ढालीच्या आकारातलं कुलचिन्ह, लाकडी फळीवर रंगवून मिळते, ती व्याह्यांना भेट द्यावी का.

ढालीचं आधी सांगतो, कारण त्यात पैसे जायचे आहेत. घेऊ नका. का, ते पुढे येईलच.

आता अर्थ. उत्तर इंग्लंडमधल्या कुटुंबांचे जुने कागद शोधून देणं हा माझा व्यवसाय आहे, आणि वॉकर हे आडनाव माझ्या टेबलावर वरचेवर येतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांत ते एकोणिसाव्या शतकापासून पहिल्या विसांत धरलं जातं. त्याचा चालण्याशी थेट संबंध नाही. वॉकर म्हणजे लोकरीचं कापड तुडवून घट्ट करणारा कारागीर.

लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते अंगावर घालण्याच्या लायकीचं नसतं. वीण विरळ, उजेडासमोर धरली तर पलीकडचं दिसेल अशी. त्यात मेंढीच्या लोकरीचा मूळचा चिकटा, सूत नीट कातलं जावं म्हणून लावलेलं तेल किंवा लोणी, आणि ताण्याला चढवलेली खळ. हे सगळं काढून टाकायचं आणि वीण घट्ट करायची, ही दोन कामं वॉकरची. कापड डोणीत टाकायचं, त्यावर शिळं मूत ओतायचं आणि दोघातिघांनी अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत राहायचं. नाक मुरडू नका. शिळ्या मुतात अमोनिया तयार होतो, तो तेलकटपणाशी मिसळला की साबणाचं काम करतो. साबण महाग होता त्या काळी हा साबण घरोघरी फुकट तयार होत होता. तो मडक्यांतून गोळा करून नेत, आणि उत्तरेत त्याला ‘लँट’ असा स्वतंत्र शब्दच होता. मग एक विशिष्ट माती पाण्यात कालवून कापडावर घालायची, ती उरलासुरला तेलकटपणा शोषून घेई. ही माती तुमच्या घरात असेल. मुलतानी मातीच्या पाकिटावर इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ छापलेलं असतं ना, त्यातला फुलर हा आपल्या वॉकरचा सख्खा भाऊ. त्याच्याकडे येतोच.

तुडवल्यानं वीण घट्ट का होते? लोकरीच्या तंतूवर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि रगडा हे तिन्ही एकत्र आले की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापड आटतं. रुंदी एक तृतीयांशानं, कधी त्याहूनही जास्त कमी होते, पण जे उरतं ते वारा आणि पाऊस अडवतं. लोकरीचा स्वेटर गरम पाण्याच्या मशीनमध्ये टाकून ज्यांनी तो नातवाच्या मापाचा करून ठेवलाय, त्यांनी नकळत वॉकरचाच धंदा केला.

आटलेलं कापड वेडंवाकडं सुकू नये म्हणून मग ते उघड्या माळावर लांबच लांब लाकडी चौकटींवर ताणून बसवत. चौकटीला वर आणि खाली ओळीनं आकडे असत, त्यांत कापडाच्या कडा अडकवायच्या. या चौकटीला म्हणत टेंटर. जीव टांगणीला लागला की इंग्रज माणूस अजूनही आपण ‘टेंटरच्या आकड्यांवर’ असल्याचं सांगतो, ते इथून आलं. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या बाजूला शेतांच्या आणि गल्ल्यांच्या नावांत टेंटर हा शब्द आजही सापडतो.

आता त्या शब्दाचा घोळ सोडवतो, कारण थट्टेचं मूळ तिथेच आहे. बऱ्याच पर्यटन पुस्तिकांत लिहिलेलं असतं की हे लोक कापडावर चालायचे म्हणून वॉकर. ऐकायला सोपं वाटतं, पण गाडी उलटी जुंपली आहे. जुन्या इंग्रजीत ‘वॉक’च्या मुळाशी असलेलं क्रियापद लोळवणं, घुसळणं, उलटसुलट करणं या अर्थाचं होतं. समुद्राच्या उसळण्यालाही तेच वापरत. त्यावरून कापड घुसळणाऱ्याला ‘वेआल्केरे’ हे नाव जुन्या इंग्रजीतच पडलं होतं. पायी चालणं हा अर्थ रुळला तो नंतर, साधारण तेराव्या शतकात. म्हणजे धंद्याचं नाव आधीचं आणि आज शाळेत शिकतो तो ‘वॉक’चा अर्थ मागाहूनचा. जर्मन भाषेत ‘वाल्कन’ म्हणजे आजही कापड तुडवणंच. म्हणून जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्येही अस्सल तिथलीच वाल्कर कुटुंबं आहेत. त्यांतली काही अमेरिकेत गेली आणि तिथल्या इंग्रज वॉकरांत बेमालूम मिसळली.

या गैरसमजाला खतपाणी घालणारं सगळ्यात प्रसिद्ध चित्र तुम्ही पाहिलेलं असणार. स्कॉटलंडमधल्या किलमार्नकला १८२० मध्ये जॉन वॉकर नावाच्या माणसानं किराणा दुकान थाटलं, त्यातून पुढे ती जगप्रसिद्ध व्हिस्की आली. १९०८ मध्ये टॉम ब्राउन या व्यंगचित्रकारानं तिच्यासाठी उंच टोपी घातलेला, छडी घेऊन ढांगा टाकत निघालेला गृहस्थ काढला. जाहिरात म्हणून झकास. आडनावाच्या अर्थाशी मात्र त्या बाटलीवरच्या माणसाचं काही देणंघेणं नाही. त्याला बूट काढून डोणीत उभा केला असता तर ठीक होतं, पण मग व्हिस्की कोणी घेतली नसती.

स्कॉटलंडचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तिथल्या पश्चिमेकडच्या बेटांवर हे काम बायका करत. लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बसून ओलं कापड आपटत, एकमेकींकडे सरकवत, आणि ताल धरून गाणी म्हणत. जात्यावरच्या ओव्यांना जसा जात्याचा फेरा असतो तसा त्या गाण्यांना आपटण्याचा ठेका असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही रीत जिवंत होती, त्यामुळे ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. जरूर ऐका.

आता फुलर. इंग्लंडमध्ये याच एका धंद्याची तीन आडनावं झाली आणि तिघांनी देश वाटून घेतला. उत्तरेत आणि मध्य इंग्लंडमध्ये वॉकर. आग्नेयेला, म्हणजे केंट, ससेक्स, सफोक, नॉरफोककडे फुलर, हा शब्द लॅटिनमधून आलेला. आणि नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलमध्ये टकर, त्याच्या मुळाशी छळणं, पिडणं अशा अर्थाचं क्रियापद आहे. कापडाचे हाल बघता चपखल शब्द! एक्सेटर शहरात विणकर, तुडवणारे आणि कातरणारे यांच्या संघाची १४७१ मधली इमारत उभी आहे, तिचं नाव टकर्स हॉल. कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचं गावच आहे. वेल्समध्ये याच कामाच्या गिरणीला ‘पांडी’ म्हणतात, टोनीपांडी या खाणकामगारांच्या प्रसिद्ध गावाच्या नावात ती बसलेली आहे.

ही वाटणी त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होती, याचा एक गोड पुरावा आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन विक्लिफ या धर्मसुधारकाच्या मंडळींनी बायबल इंग्रजीत आणलं. मार्कच्या शुभवर्तमानात येशूची वस्त्रं अशी शुभ्र होतात की पृथ्वीवरच्या कुठल्याही कारागिराला तशी करता येणार नाहीत, असा प्रसंग आहे. तिथे त्यांच्या आधीच्या भाषांतरात ‘फुलर, किंवा कापडाचा वॉकर’ असे दोन्ही शब्द दिले आहेत. एका शब्दानं सगळा देश समजेल याची खात्री नव्हती, आणि नेमक्या त्याच शतकात सामान्य लोकांची आडनावं पक्की होत होती.

माझ्या दृष्टीनं या आडनावाची खरी गंमत इथे आहे. आडनाव गोठलं तेव्हा त्या खोऱ्यात लोक कसे बोलत होते, ते त्यात जसंच्या तसं राहून गेलं. १०६६ नंतर नॉर्मन सरदारांनी वंशपरंपरेची आडनावं आणली. शेतकरी-कारागिरांपर्यंत ती यायला तीनेकशे वर्षं गेली, दक्षिणेत जरा लवकर, यॉर्कशरसारख्या उत्तरेत उशिरा. तोवर गावात चार जॉन असले की एक उंच जॉन, एक टेकडीवरचा जॉन, एक विल्यमचा पोर आणि एक वॉकर. हे त्या माणसापुरतं वर्णन असे, त्याच्यासोबत संपे. कर, जमिनीचे खंड, जहागिरीच्या कचेरीतले दंड हे सगळं कागदावर यायला लागलं तसं वर्णन चिकटलं आणि मुलाकडे गेलं, मग तो मुलगा धंद्यात असो वा नसो. १३७७, १३७९ आणि १३८१ मध्ये माणशी कर बसवला गेला (१३८१ चं शेतकऱ्यांचं बंड त्याच करावरून पेटलं). यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागाच्या १३७९ च्या याद्या माझ्यासारख्यांना सोन्याच्या खाणीसारख्या, कारण कारागिरांच्या नावापुढे काही ठिकाणी त्यांचा धंदाही टिपलेला आहे. अशा यादीत आडनाव आणि धंदा जुळला तर नाव अजून ताजं आहे, आणि जुळला नाही तर ते एकदोन पिढ्यांपूर्वीच वारशानं आलेलं असावं, असा कयास बांधता येतो. कारकून लॅटिनमध्ये लिहीत असेल तर मात्र पंचाईत: तो ‘फुल्लो’ लिहितो, आणि गावात लोक वॉकर म्हणत असतात.

एक बारकावा. वॉकर आडनाव पक्कं होईपर्यंत हे काम बऱ्याच ठिकाणी पायांनी होतच नव्हतं. पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या आल्या होत्या. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथानं ११८५ मध्ये आपल्या मालमत्तेची मोजदाद केली, तिच्यात यॉर्कशरमधल्या न्यूसॅमच्या अशा गिरणीची नोंद आहे. लँकेशरमध्ये हेल्मशोर इथे १७८९ ची अशी गिरणी संग्रहालय म्हणून जपली आहे. तिथे यंत्रणा समोर उभं राहून पाहता येते. पाणचक्कीच्या जाड आसावर दांडे बसवलेले, आस फिरला की दांडा भल्यामोठ्या लाकडी मोगरीच्या शेपटाला लागून ती उचलतो, दांडा निसटला की मोगरी आपल्याच वजनानं डोणीत कोसळते. मोगरीच्या तोंडाला पायऱ्यांसारखे टप्पे कोरलेले असतात आणि डोणीची मागची बाजू गोलाईची, त्यामुळे प्रत्येक घावासरशी कापडाचा गठ्ठा थोडा थोडा स्वतःभोवती फिरतो आणि मार सगळीकडे सारखा बसतो. पायांचं काम लाकडानं घेतलं, पण माणसाचं नाव वॉकरच राहिलं. तेव्हा जावईबापूंचे पूर्वज मुतात उभे राहायचे असं कोणी म्हणालं तर छातीठोकपणे सांगा की उत्तर इंग्लंडच्या पेनाइन डोंगरातला तो पहिला वॉकर बहुधा गिरणीवाला होता.

हे आडनाव त्या भागात इतकं का पसरलं, याबद्दल माझा तर्क असा. डोंगराळ वेस्ट रायडिंगमध्ये माग घरोघरी होता. जिथे निम्मं गाव विणतं तिथे ‘विणकर’ म्हणून कोणाला ओळखणार? पण तुडवणीची गिरणी ओढ्यावर एखादीच, आणि सगळ्यांचं कापड तिथे जाणार. त्या माणसाला धंद्यावरून ओळखणं सोयीचं. शेजारीपाजारी याच साखळीतली आणखी नावं दिसतात: लिस्टर म्हणजे रंगारी, शेरमन म्हणजे कापडाची लव कातरणारा. हडर्सफील्डच्या टेलिफोनच्या जुन्या पुस्तकात कापडाचा अख्खा कारखाना भरलेला असे म्हणा ना.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ओढ्याओढ्याला गिरणी, गिरणीगणिक वॉकर. त्यामुळे एक मूळ पुरुष नाही. शेकडो ठिकाणी, एकमेकांचा गंध नसलेल्या माणसांना हे नाव पडलं. लेस्टर विद्यापीठात पुरुषांकडून पुरुषांकडे जाणाऱ्या गुणसूत्राचा आणि आडनावांचा अभ्यास झाला आहे. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाचे बहुतेक लोक खरोखर एकाच पूर्वजाचे निघाले, स्मिथांमध्ये मात्र परक्या दोघांइतकंच साम्य. वॉकर स्मिथांच्या पंगतीतला. शिवाय बाहेरून आलेलेही बरेच. स्कॉटलंडमध्ये ‘तुडवणाऱ्याचा मुलगा’ अशा अर्थाचं गेलिक आडनाव इंग्रजी कागदांत वॉकर झालं. न्यूकॅसलमध्ये वॉकर नावाची वस्ती आहे, रोमन भिंतीजवळची दलदल असा त्या नावाचा अर्थ. क्वचित एखाद्या घराण्याचं नाव त्या जागेवरून आलेलं असू शकतं. आणि अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय वॉकर कुटुंबांकडे हे नाव गुलामगिरीच्या काळात आलं, त्यांचा यॉर्कशरच्या कापडाशी काय संबंध! अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या नावातला ‘डब्ल्यू’ही वॉकरच, पणजोबांच्या आडनावावरून आलेला. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकांना बडोद्याच्या गायकवाडांकडचा इंग्रज रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर आठवेल, काठेवाडच्या संस्थानिकांची खंडणी ज्यानं १८०७ मध्ये ठरवून दिली तो. तो स्कॉटिश. कोणी ‘तुमचे व्याही त्याच्यातले का’ म्हणून सुतावरून स्वर्ग गाठू लागलं तर हसून सोडून द्या.

आणि म्हणूनच ढाल नको. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशाकडे, साधारणपणे पुरुषांच्या ओळीनं जातं. हे देण्याचा अधिकार १४८४ मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे आहे. काही वॉकर गृहस्थांना अशी चिन्हं मिळालीही आहेत. विक्रेते त्यांतलंच एखादं उचलतात आणि ‘वॉकर घराणं’ म्हणून सगळ्या वॉकरांना विकतात. थोडक्यात, शेंडी लावतात. भिंतीवर लावलं म्हणून कोणी पकडून नेणार नाही, पण व्याही जाणकार असले तर तुमचाच अवघडलेपणा वाढेल. स्कॉटलंडमध्ये तर दुसऱ्याचं चिन्ह आपलं म्हणून वापरणं बेकायदा आहे.

भेटच द्यायची असेल तर त्यांच्या घराण्याचा खरा कागदोपत्री शोध द्या. महाग नाही, फक्त चिकाटी लागते. आजी-आजोबांचा विवाहदाखला मागवून सुरुवात करा, कारण इंग्लंडच्या विवाहदाखल्यावर वधू-वर दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात. एका कागदात आणखी एक पिढी हाताला लागते. १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह, मृत्यू सरकारी दप्तरात आहेत. जनगणनेचे कागद १८४१ पासून दर दहा वर्षांनी १९२१ पर्यंत पाहायला मिळतात, आणि १८५१ पासून त्यांत जन्मगावही नेमकं लिहिलेलं असतं. १९३१ चे कागद आगीत जळाले आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही, ती पोकळी १९३९ मध्ये युद्धाच्या सुरुवातीला केलेल्या लोकांच्या नोंदवहीनं थोडीफार भरते. १८३७ च्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा आहे, पण प्रत्येक चर्चच्या वह्या तिथपर्यंत टिकलेल्या नाहीत.

वॉकर शोधताना नवरा शोधू नका, बायको शोधा. हडर्सफील्डच्या आसपास एकाच वर्षी जन्मलेले जॉन वॉकर आणि विल्यम वॉकर ढिगानं मिळतील. मात्र ज्याच्या बायकोचं माहेरचं आडनाव जरा वेगळं आहे आणि थोरल्या मुलाचं नाव दुर्मीळ आहे असा जॉन वॉकर एकच असतो. सरकारी निबंधकांच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत जन्माच्या नोंदीशी आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलेलं आहे, तिचा उपयोग करा. दुसऱ्यांनी इंटरनेटवर टाकलेल्या तयार वंशावळींवर विसंबू नका. वॉकरांच्या वंशावळींत मी नातू आजोबांआधी जन्मलेला पाहिला आहे, आणि ती चूक वीस जणांनी उतरवून घेतलेलीही.

मुलीनं आडनाव बदलावं का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी हळूच विचारलंय. इंग्लंडचा कायदा तशी सक्ती करत नाही. तो निर्णय तिचा. निमंत्रणपत्रिकेत मराठीत ‘वॉकर’ असंच छापा. छापखान्यातला मुलगा ‘वाकर’ करून ठेवतो, प्रूफ नीट तपासा.